दुसऱ्याने लावलेलं कुलूप

कणसे मामांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते डोक्याला पट्टी बांधून घ्यायला तयार नव्हते.

"फेटा असता तर बांधला असता," ते म्हणाले. "ही तापात कपाळाला लावायची पट्टी दिसतीय."

रंगाच्या कारखान्यातले बाकीचे नऊ फिटर हसले. माझी मुलगी मुक्ता हातात पट्टी घेऊन उभी होती, तीही हसली.

"वीसच मिनिटं, मामा. धडा संपेपर्यंत."

"आणि तेवढ्यात माझ्या डोक्यातलं काय काय दिसणार तुला?"

"काहीच नाही. धडा रुजतोय की नाही, एवढंच."

"मग बांध. आत बघण्यासारखं काय राहिलंच न्हाय."

मी कोपऱ्यात वही घेऊन बसलो होतो. कणसे मामा माझ्याच वयाचे, म्हणजे साठीच्या बरेच पुढचे. निवृत्तीनंतरही कारखान्याने त्यांना ठेवून घेतलं होतं, कारण जुन्या यंत्रांचे आवाज फक्त त्यांना ओळखू येत. पुढे चार महिन्यांनी त्यांनी एक कुलूप उघडलं आणि त्यामुळे एक माणूस मेला. दोष त्यांचा किती आणि माझा किती, हे ठरवायला मी योग्य माणूस नाही. पण जे घडलं ते क्रमाने मांडता येईल तेवढं मांडतो. ते सगळं माहीत असलेला दुसरा कोणी नाही.

मी चौतीस वर्षं एका कोशाच्या कचेरीत नोंदी तपासल्या. स्वतः फारसं लिहिलं नाही. दुसऱ्याच्या मजकुरातली चूक मला दिसायची, पण ती सांगायला जायचो तेव्हा अर्ध्या वाटेत वाटायचं, चूक आपलीच असेल. २०४१ मध्ये, मी निवृत्त होऊन पाच वर्षं झाल्यावर, मुक्ताचा साताऱ्याला फोन आला.

"बाबा, माझ्या कंपनीला सण, रीती, घरातलं बोलणं माहीत असलेला माणूस हवाय. मराठीसाठी."

"मला कॉम्प्युटरातलं काही कळत नाही."

"त्यासाठी मी आहे. तुम्ही फक्त वाचायचं आणि खटकलं तर सांगायचं."

तिची आई गेल्यापासून मुक्ताचे फोन औषधांची चौकशी करून संपायचे. त्या दिवशी आम्ही तासभर बोललो. मी हो म्हणालो.

तिची कंपनी कारखान्यांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण तयार करायची. धडा एकच, पण शिकणारे साताऱ्याचे, मयूरभंजचे, तिरुनेलवेलीचे, नेपाळातले. पूर्वी अशा धड्याचं नुसतं भाषांतर होई. लोक तो संपवत, परीक्षेत पास होत आणि आठवड्यात विसरत. मुक्ताच्या गटाने त्यावर जी प्रणाली बांधली तिचं नाव 'रुजवण'.

तिचं शास्त्र मला जसं समजलं तसं सांगतो. मेंदूत नवी गोष्ट अधांतरी राहत नाही. ती आधीच्या एखाद्या ओळखीच्या गोष्टीला अडकवावी लागते. अशी खुंटी सापडली की आठवण साठवणारा भाग आणि कपाळामागचा भाग यांच्या विद्युतलहरी काही क्षण एका लयीत येतात, आणि नवी गोष्ट एरवी महिन्यात पक्की होणार ती एका दुपारीत होते. पट्टी ती लय मोजते. रुजवण शिकणाऱ्याला त्याच्या मुलखातली शेकडो दृश्यं दाखवून बघते, लय कुठे जुळते ते टिपते, आणि धडा त्या खुंटीवर नव्याने बांधते. प्रत्येक समाजाचा धडा वेगळा, नियम मात्र तोच. खुंट्या सुचवायला आणि तपासायला माझ्यासारखी म्हातारी माणसं ठेवली होती.

आमच्या वाट्याला आलेला नियम कुलपाचा होता. यंत्रात उतरून काम करणाऱ्याने आधी वीज बंद करायची, खटक्यावर स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. ज्याने लावलं त्यानेच ते काढायचं. दुसऱ्या कोणीही, कितीही मोठा असला तरी, नाही. साधा नियम आहे, आणि तो मोडल्यामुळेच दर वर्षी माणसं मरतात.

रुजवणने मराठी कामगारांसाठी चाळीस दृश्यं करून पाहिली. लय कुठेच जुळेना. बैठकीत सगळे माझ्याकडे बघायला लागले तेव्हा मी म्हणालो, "खंडेनवमी बघता येईल का?"

"म्हणजे?" मुक्ताच्या साहेबांनी विचारलं.

"दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारं पुजतात. पाना, हातोडा, लेथ, सगळ्याला हळदकुंकू आणि झेंडूची माळ. एकदा पूजा मांडली की उत्तरपूजेपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. चोरही लावणार नाही."

ओडिया लोकांचे धडे तपासणाऱ्या सस्मिता बेहेरा बाई पडद्यावरून हसल्या. त्यांना मराठी चांगलं यायचं. "आमचं रजपर्व तसंच, रिसबूडकाका. तीन दिवस धरणीमाता विश्रांतीला. नांगर नाही, कुदळ नाही. आमच्या लोकांना मी तेच दिलंय. यंत्र विश्रांतीला बसलंय."

"म्हणजे एका यंत्राची इकडे पूजा, तिकडे विश्रांती," साहेब म्हणाले. "चहा कोण देणार त्याला?"

कणसे मामांच्या गटावर जी चाचणी झाली ती याच धड्याची. कुलूप म्हणजे मांडलेली पूजा, कुलूप काढणं म्हणजे उत्तरपूजा. वीस मिनिटांनी लय किती जुळली त्याचा पडद्यावरचा आकडा मुक्ताने मला दाखवला. शंभरपैकी सत्त्याण्णव. तोवरचा सर्वांत मोठा मराठी आकडा एकसष्ट होता.

"बाबा, हे तुमचं आहे," ती म्हणाली, आणि सगळ्यांसमोर तिने माझा हात धरला.

त्याच आठवड्यात अंतिम धडा माझ्याकडे तपासायला आला. मी तो सावकाश वाचला. 'ज्याने पूजा मांडली, तोच उत्तरपूजा करील' या वाक्याशी मी थांबलो. मी नववीत असताना वडिलांनी खंडेनवमीला घरातली पुस्तकं पुजली आणि संध्याकाळी त्यांना अचानक इस्पितळात न्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी थोरले काका आले, त्यांनी अक्षता वाहिल्या, पुस्तकं जागची थोडी हलवली, उत्तरपूजा झाली. कोणी काही म्हटलं नाही. म्हणण्यासारखं काही नव्हतंच. घरचा माणूस हजर नसेल तर वडीलधारा उत्तरपूजा करतो. देव काही तसाच ठेवत नाहीत.

मी शेरा लिहायला घेतला. 'खुंटीबरोबर खुंटीचे अपवादही रुजत असतील काय? उत्तरपूजा वडीलधारा करू शकतो. विचार व्हावा.' मग वाटलं, सत्त्याण्णव आले आहेत. एवढे शास्त्रज्ञ बघताहेत, त्यांच्या लक्षात आलं नसेल का? धड्यात तर स्पष्ट लिहिलंय. आणि मुक्ता फोनवर कोणाला तरी सांगत होती, "माझ्या बाबांची कल्पना." मी शेरा पुसला आणि 'योग्य' वर बोट ठेवलं.

अपघात जानेवारीत झाला, दुपारी पावणेचारला, पाळी बदलताना.

रंग कालवायचं पिंप माणूस उभा राहील एवढं खोल होतं. लक्ष्मण तांती, वय एक्केचाळीस, बारीपदाजवळच्या गावचा, आत उतरून भिंतींचा वाळलेला रंग खरवडत होता. खाली खटक्यावर त्याचं कुलूप होतं, किल्ली त्याच्या खिशात. पिंपाच्या तोंडाशी बसायचा माणूस मुकादमाने दुसऱ्या पिंपावर पाठवला होता. पाळी बदलायची वेळ झाली तरी लक्ष्मण वर आला नाही, कारण यायची गरज नव्हती. त्याच्या धड्यात धरणीची विश्रांती कोणी मोडू शकत नाही. घरातला मोठा नाही, गावातला नाही.

खाली कणसे मामा आले. पुढच्या पाळीचा माल खोळंबला होता. त्यांनी कुलूप पाहिलं, लक्ष्मणला हाका मारल्या, पण कारखान्याच्या गोंगाटात त्या आत पोचल्या नाहीत. दोनदा फोन केला. फोन कपाटात वाजला, कारण आत फोन नेता येत नसे. लक्ष्मण कुलूप विसरून घरी गेला असं त्यांना वाटलं. ते कचेरीतून जादा किल्ली घेऊन आले.

कॅमेऱ्यातलं चित्र नंतर आम्हा सगळ्यांना दाखवलं. मामा कुलपासमोर उभे राहतात. उजवा हात कुलपाला लावतात, मग छातीला. कुलूप जागच्या जागी किंचित हलवतात. मग किल्ली लावतात, कुलूप काढून फडताळावर नीट ठेवतात आणि खटका वर करतात.

"जुना माणूस, प्रत्येक गोष्टीला नमस्कार करतो," साहेब म्हणाले.

कुलूप उघडण्याआधी कोणी हलवून बघत नाही. पूजा हलवतात.

बाहेर व्हरांड्यात मी मुक्ताला सगळं सांगितलं, पुसलेल्या शेऱ्यासकट. ती कठड्याला टेकली.

"त्या दिवशीच का नाही बोललात?"

"तू खूश होतीस."

"हे माझ्यावर नका टाकू, बाबा."

"टाकत नाही. विचारलंस म्हणून सांगितलं."

"मामांच्या चाचणीत हा प्रश्न होता. कुलूप कोण काढेल? ज्याने लावलं तो. त्यांनी एका सेकंदात बरोबर उत्तर दिलंय. लय जुळलेली आहे."

"जुळणारच. सगळीच खुंटी जुळलीय, तिच्या अपवादासकट."

तिने फोनवर एक तक्ता काढून माझ्यापुढे धरला. रुजवण आल्यापासून बावीस कारखान्यांतले मृत्यू वर्षाला एकेचाळीसवरून सहावर आले होते. "हे बंद करायला सांगणार आहात? मग त्या पस्तीस माणसांच्या घरी कोण जाणार, तुम्ही की मी?"

मी तो तक्ता पुन्हा वरपासून वाचला.

मामांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल करायचा की नाही, हे चौकशीवर ठरणार होतं. तुरुंगात गेले असते तर ते परत आले नसते; त्यांना मधुमेह होता आणि त्यांनी जेवण सोडलं होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून कुठे बोलायला गेलो. चौकशी अधिकारी बाईंसमोर उभा राहून खंडेनवमी, उत्तरपूजा, पुसलेला शेरा, सगळं सांगितलं. समोर मुक्ता कंपनीच्या लोकांमध्ये बसली होती आणि टेबलाकडे पाहत होती.

बाईंनी मामांना विचारलं, "कणसे, कुलूप कोणी काढायचं असतं?"

"ज्यानं लावलं त्यानं."

"आणि तो हजर नसेल तर?"

"तरीबी त्यानंच."

"मग तुम्ही का काढलंत?"

मामा हाताच्या पंजाकडे बघत राहिले. "ठावं न्हाय, बाई. त्या वक्ताला ते बरोबरच वाटलं. मनात शंकाच आली न्हाय, त्याचंच भ्या वाटतंय."

"हे रिसबूड म्हणताहेत की प्रशिक्षणामुळे असं झालं."

"मशीनवर कशाला ढकलायचं? हात माझा हुता."

मी उठून म्हणालो की इतर मराठी कामगारांनाही विचारा. त्यांनी चाळीस जणांना विचारलं. चाळीसही जणांनी बरोबर उत्तर दिलं. नियम तोंडात होता. खाली काय रुजलंय ते तोंडाला माहीत नव्हतं, आणि दुसऱ्याचा हात कुलपावर जाईपर्यंत ते कोणालाच कळणार नव्हतं.

तरी बाईंनी माझं अर्धं ऐकलं. निकाल असा आला: हेतू नव्हता, प्रशिक्षणात उणीव असण्याची शक्यता आहे, खटला नको. त्या कारखान्यातल्या सर्वांना, कणसेंसकट, कुलपाचा धडा पुन्हा द्यावा, आणि तो अधिक खोल रुजवावा.

व्हरांड्यात मामांच्या पत्नी शेवंताबाई माझ्या पाया पडायला वाकल्या. मी मागे सरलो. "तुमच्यामुळं वाचलं माणूस," त्या म्हणाल्या. त्या क्षणी मलाही तसं वाटलं होतं.

नवी खुंटी शोधायला रुजवणला माणसाची गरज पडली नाही. कारखान्यातल्या सगळ्यांच्या डोक्यात आता एक अशी गोष्ट होती की तिच्यापुढे सण, देव, शेत काहीच टिकत नव्हतं. लय पहिल्याच फेरीत जुळली. मराठी, ओडिया, तमिळ, सगळ्यांची एकच खुंटी. मुक्ताचे साहेब म्हणाले, एवढी वर्षं आपण सर्वांसाठी चालेल असा एक धडा शोधत होतो.

तो माझ्याकडे तपासायला आला. मी पट्टी बांधली. आपण पिंपाच्या आत आहोत. खरवडण्याचा आवाज. अंगावर रंगाचा वास येतोय असं वाटतं. मग खालचं कुलूप दिसतं आणि त्याच्याकडे येणारा एक हात, निळ्या बाहीचा, तर्जनीवर जुना व्रण असलेला. तो कुलूप किंचित हलवतो. चित्र तिथे थांबतं. पुढचं काही दाखवत नाहीत. आकडा अठ्ठ्याण्णव.

या वेळी मी पुसलं नाही. दोन पानं लिहिली. हा हात जिवंत माणसाचा आहे. हा धडा त्यालाही बघावा लागणार आहे. तो रोज जेमतेम उठतो. एका माणसाचा गुन्हा चारशे माणसांची खुंटी करू नका. खाली नाव लिहून पाठवलं, आणि चहा ठेवायला उठलो.

चहा उकळायच्या आत उत्तर आलं. 'आपल्या सूचनेबद्दल आभार. ती स्वीकारली असून धड्यात सुधारणा केली आहे. कृपया पुन्हा तपासावे.'

मी पुन्हा पट्टी बांधली. खरवडण्याचा आवाज, कुलूप. निळी बाही गेली होती, व्रण गेला होता. कुलपाकडे येणारा हात माझा होता. पांढरे केस, वाकडी करंगळी, कोशाच्या कचेरीत तेवीस वर्षं वापरलेलं मनगटी घड्याळ. रुजवणने तो पडद्यावरच्या कॅमेऱ्यातून उचलला होता. आता प्रत्येकाला स्वतःचाच हात दिसणार होता. आकडा नव्व्याण्णव झाला होता.

मी मुक्ताला फोन केला. ती म्हणाली, "मामांचा हात काढला ना त्यांनी? तुम्ही म्हणालात तसंच केलंय."

"त्यांना तर त्यांचाच दिसणार, मुक्ता."

ती म्हणाली, "बाबा, ज्यांनी हा धडा चाचणीत पाहिलाय, त्यांच्यापैकी एकानेही दुसऱ्याच्या कुलपाला हात लावलेला नाही. एकानेही." तिचा आवाज थकलेला होता, रागावलेला नव्हता. त्यानंतर तिचे फोन पुन्हा औषधांपुरते झाले.

नियम असा की तपासणाऱ्याला धडा पूर्ण पाहिल्याशिवाय शेरा देता येत नाही. मी अकरा वेळा पाहिला आणि अकरा शेरे पाठवले. प्रत्येक वेळी आभार आले. आकडा आता हलत नव्हता. शेवटी माझ्या संमतीशिवायच धडा सुरू झाला, कारण चौकशीने दिलेली मुदत संपत होती.

एप्रिलमध्ये मी मामांना भेटायला गेलो. कारखान्यापासून दोन मैलांवर त्यांचं गाव, गावाच्या कडेला पत्र्याचं घर. दुपारचे बारा वाजले होते. मामा बाहेरच्या पायरीवर उन्हात बसले होते. दाराला बाहेरून कडी होती. कुलूपसुद्धा नव्हतं.

"बसा, साहेब," ते म्हणाले. "शेवंता गिरणीत गेलीय दळण घेऊन. येईल इतक्यात."

"आत बसू या ना. ऊन केवढं आहे."

"बसलो असतो. पण जाताना कडी तिनं घातलीय." ते कसनुसे हसले. "मी हापशावर गेलो हुतो. ती आली की काढंल."

मी त्यांच्याकडे बघितलं. ओठ सुकले होते. पायरीवर रिकामी कळशी आडवी पडली होती.

"पाणी?"

"हापसा कोरडा. माठ आत हाय."

"केव्हापासून बसलाय, मामा?"

"नऊपासून आसंल. गिरणीत लाइट नसंल." मग थोड्या वेळाने म्हणाले, "हात उचलतो मी. उचलतोय की न्हाय बघा. तिथवर जातो. मग आतनं खरवडल्यागत ऐकू येतं."

"आत कोणी नाही, मामा. तुमचंच घर आहे."

"ठावं हाय मला. माझं घर हाय, आत कोन न्हाय, नुसती कडी हाय. समदं ठावं हाय." त्यांनी डोळे मिटले. "ठावं आसून काय हुतं, ते तुमी मास्तर लोकांनी सांगायचं."

"थांबा," मी म्हणालो. "मी काढतो."

मी पायरी चढलो. लोखंडी कडी उन्हाने तापलेली असणार. ती नुसती वर उचलायची आणि बाजूला सारायची, एवढंच काम. आत माठ होता, सावली होती. मी हात पुढे केला. पांढरे केस, वाकडी करंगळी, घड्याळ.

किती वेळ तसा उभा होतो ते माहीत नाही. मग मी खाली उतरलो आणि मामांशेजारी पायरीवर बसलो. अंगावरचं उपरणं सोडून त्याचं एक टोक त्यांनी माझ्या डोक्यावर टाकलं, दुसरं स्वतःच्या घेतलं, आणि गिरणीकडून येणाऱ्या रस्त्याकडे आम्ही दोघे बघत राहिलो.